पासवर्ड बरोबरच होता

मागच्या आठवड्यात ऑफिसात नुकताच जॉइन झालेला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला होता. मी माझा स्वतःचा लॅपटॉप सुरू केला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं सरसर वर गेली आणि शेवटी 'लॉगिन' एवढाच शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. पोराचा चेहरा पडला. "सर, विंडोज उडालं वाटतं तुमचं?"

म्हटलं, नाही रे, हे असंच आहे. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, मग 'स्टार्टएक्स' असं टाईप करून एंटर मारलं. तीन-चार सेकंदांत चारचौघांसारखा डेस्कटॉप हजर.

"मग हे आपोआप का नाही येत? रोज टाईप कशाला करायचं?"

प्रश्न रास्त होता. मी 'सवय आहे' म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि त्यात मी केलेला एक घोळ आहे, जो ऑफिसात सांगण्यासारखा नाही. आज शनिवार आहे, चहाचा दुसरा कप समोर आहे, तर लिहूनच टाकतो.

आधी थोडं तांत्रिक. ज्यांना हे पाठ आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद गाळले तरी माझी हरकत नाही :-)

लिनक्समध्ये खिडक्या, आयकॉन, माऊसचा बाण हा सगळा थाट मूळ यंत्रणेचा भाग नसतो, तो वरून चढवलेला असतो. हे काम वर्षानुवर्षं करत आली ती एक्स विंडो सिस्टिम. १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये 'प्रोजेक्ट अथेना' या प्रकल्पासाठी ती सुरू झाली. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि तो अकराचा आकडा तिला असा चिकटला की आजही लोक एक्स-इलेव्हनच म्हणतात. सुरुवातीचा मामला सरळ होता. अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन करायचं आणि पाहिजे असेल तर एक्स स्वतः सुरू करायचं. 'स्टार्टएक्स' ही त्यासाठीचीच एक छोटी स्क्रिप्ट. ती 'एक्सइनिट' नावाच्या प्रोग्रामला हाक मारते, तो आधी एक्सचा सर्व्हर उठवतो, मग तुमचा डेस्कटॉप. डेस्कटॉप बंद केला की सर्व्हरही बंद होतो आणि तुम्ही परत त्याच काळ्या पडद्यावर येता.

१९८८ मध्ये 'एक्सडीएम' आला. हा पहिला डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे आपण ज्याला लॉगिन मॅनेजर म्हणतो तो. मशीन सुरू झाल्यापासून हा दारात उभा असतो. नाव विचारतो, पासवर्ड तपासतो आणि तुमच्या वतीने आतली सगळी मांडामांड करून तुम्हाला डेस्कटॉपवर नेऊन बसवतो. जीडीएम, लाईटडीएम, एसडीडीएम ही सगळी याच कुळातली मंडळी. आज बहुतेकांना याच्याशिवाय लिनक्स कधी दिसतच नाही.

लग्नाच्या मांडवात दारात अत्तर लावायला, पाहुण्यांना बसवायला एक माणूस उभा असतो ना, तसं समजा. घरचे लोक मात्र मागच्या दाराने, स्वयंपाकाच्या बाजूने आत शिरतात. स्टार्टएक्स म्हणजे ते मागचं दार. तिथून येताना पातेली दिसतात, धूर लागतो. पण भाजी करपली असेल तर तेही लगेच कळतं.

आता गोष्ट.

माझं गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. माझा जन्म झाला तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा झाला. गाव होतं तिथंच राहिलं, कागद तेवढे बदलले. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. इतिहास शिकवायचे. आता रिटायर आहेत. थोडी शेती आहे, सोयाबीन-तूर, आणि एक नाद आहे. नाद असा की गावातल्या वावरांची नावं गोळा करायची.

बाहेरच्यांना वाटेल वावरांना काय नाव असणार, गट नंबर असतो. पण आमच्याकडे गट नंबर तलाठ्याला लागतो, माणसं नावानेच बोलतात. बेलाचं वावर, बुढीचं वावर, धोंडीचं वावर. बेल कधीच तुटलेला असतो, बुढी कोण होती ते कोणाला माहीत नसतं, तरी नाव चालू. बाबांनी एक तक्ता केला होता. पहिल्या रकान्यात गट नंबर, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात ते नाव का पडलं याची हकीकत. हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी मला वाशिमच्या ताम्रपटाची गोष्ट सांगितली. १९३९ मध्ये वाशिमला वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम, तिथून दिलेलं ते एका गावाचं दानपत्र. "सोळाशे वर्सांपूर्वीच्या गावाचं नाव तांब्यावर होतं म्हणून राह्यलं," बाबा म्हणाले. "आपल्या वावराचं नाव कायच्यावर हाये, सांग बरं?"

अडचण एकच होती. बाबांचा उजवा हात थरथरतो. पेन धरला की अक्षर धावतं, स्वतःचं स्वतःला लागत नाही. चाळीस वर्षं फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढणाऱ्या माणसाला याचं काय वाटत असेल ते मी कधी विचारलं नाही. पण कीबोर्डवर एक बोट नेमकं टेकवता येतं. म्हणून घरातला जुना पीसी, अकोल्याहून आणलेला सेकंडहँड पेन्टियम फोर, मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी बसून परत जिवंत केला. दोन जीबी रॅम, ३२ बिटचा प्रोसेसर. त्यावर लिनक्स मिंट १९.३ टाकलं, एक्सएफसीई डेस्कटॉप. मिंटची ३२ बिटसाठीची ही शेवटची आवृत्ती. लोहित फाँट होता, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला, कळांवर आईने मार्कर पेनने अक्षरं काढली. बाबा एका बोटाने, पण रोज, लिहायला लागले. दिवाळीपर्यंत शंभराच्या वर वावरं झाली.

इथे माझी एंट्री.

२०२१ ची दिवाळी. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी म्हणजे ७ नोव्हेंबरला रविवारी संध्याकाळी माझी पुण्याची ट्रॅव्हल्स होती. दुपारी जेवून खाटेवर लोळत होतो आणि डोक्यात किडा आला, की या बिचाऱ्या पीसीला लॉगिन मॅनेजर कशाला पाहिजे? घरात वापरणारा माणूस एक. लाईटडीएम काढून टाकला तर तेवढीच रॅम वाचेल. (किती वाचते ते नंतर नीट मोजलं. नगण्य. पण त्या दिवशी मी इंजिनियर होतो ना.) उठून पीसीपर्यंत जायचा कंटाळा म्हणून लॅपटॉपवरूनच मोबाईलच्या हॉटस्पॉटने पीसीत शिरलो. लाईटडीएम थांबवला. स्टार्टएक्स टाकलं. उत्तर आलं, परवानगी नाही. बरोबरच होतं, कारण मी पीसीसमोर बसलेलो नव्हतो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर दुरून ताबा घ्यायची परवानगी साध्या युजरला नसते.

परवानगी नाही म्हटल्यावर आपण लिनक्सवाले काय करतो? सुडो. 'सुडो स्टार्टएक्स' टाकलं. टेबलावरचा मॉनिटर उजळला, बाबांचा नेहमीचा वॉलपेपर, नेहमीचे आयकॉन. म्हटलं, चला, चालतंय. तेवढ्यात आई चिवड्याचा डबा बॅगेत बसत नाही म्हणून ओरडली. मी पीसी बंद केला आणि निघालो. परत एकदा चालू करून, नेहमीसारखं लॉगिन करून पाहायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. ते केलं नाही.

पुढचे पाच महिने मी दर रविवारी फोनवर विचारायचो, "बाबा, कॉम्प्युटर बरा आहे ना?" बाबा म्हणायचे, "हो, मस्त हाये."

२०२२ चा गुढीपाडवा २ एप्रिलला होता, शनिवारी. आदल्या रात्री निघून सकाळी घरी पोचलो. पीसीवर धुतलेला टॉवेल घडी करून पांघरलेला. कीबोर्ड उचलून कपाटावर ठेवलेला. मी काही न बोलता सगळं जोडलं, बटन दाबलं. लॉगिनचा पडदा आला. पासवर्ड टाकला, एंटर. पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा लॉगिनचाच पडदा. चुकलं असेल म्हणून परत टाकला. परत तेच. 'चुकीचा पासवर्ड' असंही म्हणत नाही आणि आतही घेत नाही.

मागे वळून पाहिलं तर बाबा दारात उभे. शाळेत काच फुटल्यावर पोरं उभी राहतात तसे.

"तू गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून असंच करते ते. माह्याच हातानं काहीतरी दबलं असन. नाहीतर पासवर्ड चुकत असन माह्या. चार-पाच दिवस करून पाह्यलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू कामात असते. आन् तू एवढं मेहनतीनं करून देल्लं, मी बिघडवलं म्हणून कसं सांगाव?"

मला काही बोलता आलं नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ १ दाबलं. काळा पडदा, 'लॉगिन'. बाबांचं नाव टाकलं, तोच पासवर्ड टाकला आणि मशीनने एका फटक्यात आत घेतलं.

बाबा जवळ आले. "म्हंजे पासवर्ड बरोबरच होता?"

"बरोबरच होता बाबा."

बाबा खुर्ची ओढून बसले. पाच महिने या माणसाला वाटत होतं की आपल्याला आता पासवर्डही लक्षात राहत नाही. हात थरथरायला लागला, आता डोकंही जाणार, असं मनात कुठेतरी घेऊन बसले होते, हे आईने मला नंतर सांगितलं.

मी होम फोल्डरमधल्या लपलेल्या फायलींची यादी काढली. 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही फाईल. एक्सच्या दारातली किल्लीच म्हणा. सेशन सुरू होताना त्यात एक गुप्त आकडा लिहिला जातो, आणि तो दाखवता आला तरच प्रोग्रामला पडद्यावर काही उमटवता येतं. ही फाईल बाबांच्या नावाची असायला हवी. पण मालक म्हणून तिथे 'रूट' लिहिलेलं होतं. शेजारी तारीख, ७ नोव्हेंबर, संध्याकाळचे ५ वाजून ४२ मिनिटं. माझी गाडी साडेसहाची होती.

झालं होतं ते असं. मिंट १९ ही उबुंटू १८.०४ वर उभी आहे. त्या काळच्या उबुंटूत सुडो केलं तरी होम फोल्डर मूळ युजरचंच राहायचं. उबुंटूने ही पद्धत १९.१० पासून बदलली. म्हणून सुडो स्टार्टएक्स केल्यावर डेस्कटॉप चालला रूटच्या अधिकाराने, पण फायली वापरल्या आणि लिहिल्या बाबांच्या घरातल्या. वॉलपेपर बाबांचाच दिसला, म्हणून मला संशय आला नाही. तेवढ्यात बाबांच्या किल्लीवर मालक म्हणून रूटचं नाव चढलं. सातबाऱ्यावर परस्पर फेरफार व्हावा तसं. वावर तिथंच, कसणारा तोच, कागदावर मालक दुसरा. दुसऱ्या दिवशी लाईटडीएमने पासवर्ड तपासला, बरोबर निघाला, मग किल्लीच्या फाईलमध्ये आकडा लिहायला गेला तर हक्क नाही. आल्या पावली परत. हे सगळं त्याने इमानदारीत आपल्या लॉगमध्ये लिहूनही ठेवलं होतं. पण तो लॉग वाचायला रूटचे अधिकार लागतात, आणि समोर बसलेल्या माणसाला दिसली ती फक्त पडद्याची उघडझाप.

'चोन' या एका कमांडने सगळ्या होम फोल्डरची मालकी पुन्हा बाबांच्या नावावर केली. अर्धा मिनिट लागला. लाईटडीएमने पहिल्याच झटक्यात आत घेतलं.

आणि मग मी बाबांना सांगितलं. म्हणजे सांगावंच लागलं. तारीख-वेळेसकट पुरावा पडद्यावर होता. पण खरं सांगतो, एक क्षण मनात आलं होतं की 'अपडेटमुळे होतं असं कधीकधी' म्हणून मोकळं व्हावं. त्यांना कळलं नसतं. म्हटलं, "बाबा, हे तुमच्याकडून नाही झालं. मी जाताना घाईत चुकीची कमांड मारली होती."

बाबा थोडा वेळ त्या ५:४२ कडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगतलं." एवढंच.

दुपारी पुरणपोळीच्या ताटावर आई बोलून गेली की पलीकडच्या गल्लीतले आबा माघात गेले. आबांनी उभ्या आयुष्यात दहा-बारा घरी सालदारकी केली होती, पैनगंगेकडची सगळी वावरं त्यांना तळहातासारखी पाठ. बाबा संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचे, ऐकायचे, आणि सकाळी आठवून टाईप करायचे. कॉम्प्युटर अडल्यावर जाणं थांबलं. आई म्हणाली, "हे म्हणत, लिहून ठेवता येत नाही तर त्या म्हाताऱ्याले कायले तरास द्याव." बाबा ताटाकडे बघून जेवत होते. त्यांनी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. तक्ता मी उघडून पाहिला, ११२ व्या ओळीवर थांबलेला.

आबा तसेही ऐंशीच्या पुढचे होते. पाच महिन्यांत सगळी नावं मिळालीच असती असं नाही. हे मी स्वतःला बरेचदा समजावून पाहिलं आहे. असो.

त्या रात्री मी बाबांना म्हटलं, आता असं करतो की बटन दाबलं की सरळ डेस्कटॉप येईल. नाव नको, पासवर्ड नको, काही नको. बाबा नाही म्हणाले. "मंघा तू त्या काळ्या पडद्यावर गेला, तवा कळलं ना काय झालं ते? मले तसंच पायजे. बटन दाबलं की काय होते ते दिसलं पायजे."

मास्तरच ते. गणिताचं नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क कापायचे, पायऱ्या दाखव म्हणायचे.

म्हणून लाईटडीएम बंद केला आणि मशीन अक्षरांच्या पडद्यावरच थांबेल असं केलं. बाबांनी आईकडून वहीत लिहून घेतलं: १. नाव. २. पासवर्ड (अक्षरं दिसत नाहीत, घाबरू नये). ३. स्टार्टएक्स. तिसऱ्या पायरीचं स्पेलिंग इंग्रजीत मोठ्या अक्षरांत काढलेलं.

इथेही मी एक माती खाल्लीच. पुस्तकी पद्धतीने बाबांच्या होममध्ये 'डॉट एक्सइनिटआरसी' नावाची फाईल केली आणि त्यात एकच ओळ टाकली, एक्सएफसीई सुरू करायची. डेस्कटॉप आला, पण मराठी उठेना. बाबा कळ दाबतायत आणि अक्षरं इंग्रजीच. कारण असं की डेबियन-उबुंटूच्या घराण्यात 'एक्ससेशन' नावाची एक स्क्रिप्ट आधी बरीच तयारी करते. मराठी टायपिंग करणारा आयबस चालू करणं, त्याची माहिती बाकीच्या प्रोग्राम्सना देणं, ही कामं तिथं होतात. आपण स्वतःचं एक्सइनिटआरसी लिहिलं की स्टार्टएक्स तेच चालवतं आणि ती तयारी वगळली जाते. उपाय म्हणजे ती फाईल पुसून टाकणं. मग स्टार्टएक्स यंत्रणेची स्वतःची पद्धत वापरतं आणि सगळं जागेवर येतं. ज्यांना स्वतःची फाईल ठेवायचीच आहे त्यांनी आयबसच्या ओळी डेस्कटॉपच्या ओळीच्या आधी त्यात टाकाव्यात. मराठी लिहिणाऱ्या बऱ्याच जणांची स्टार्टएक्सवर आल्यावर इथेच गाडी अडते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

यावेळी निघण्याआधी पीसी तीनदा बंद करून चालू केला. तिन्ही वेळा बाबांच्या हातून.

त्याच वर्षी जुलैमध्ये, सोयाबीनची डवरणी चालू असताना, सकाळी साडेसातला बाबांचा फोन. आवाजात घाबरल्याचं नाव नाही. "स्टार्टएक्स टाकलं तर डेस्कटॉप नाही आला. काय लिहून आलं ते वाचून दाखवू?" आणि एकेक शब्द वाचला, वर्गात धडा वाचतात तसा. शेवटचे शब्द होते 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. वाचून स्वतःच म्हणाले, "म्हंजे जागा नाही ऱ्हायली, असंच ना?"

असंच. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती यंत्रणेच्या जुन्या प्रती साठवत राहते. मीच ती लावून दिली होती (होय, पुन्हा मीच). प्रतींनी डिस्क गच्च भरली होती. बाबा फोन स्पीकरवर ठेवून एका बोटाने कमांड टाकत गेले, मी सांगत गेलो. 'डीएफ, स्पेस, वजा, एच.' पाऊण तास लागला. जुन्या प्रती उडवल्या, स्टार्टएक्स टाकलं, फोनमधून त्यांच्या खुर्चीचा कर्र आवाज आला. "आलं." लॉगिन मॅनेजर असता तर बहुधा पुन्हा तीच उघडझाप दिसली असती आणि बाबा पुन्हा टॉवेल पांघरून मोकळे झाले असते.

म्हणजे लॉगिन मॅनेजर वाईट, असं मला म्हणायचं आहे का? मुळीच नाही. एका मशीनवर चार जण बसत असतील, कोणाला भाषा निवडायची असेल, कोणाला मोठी अक्षरं किंवा वाचून दाखवणारा आवाज लागत असेल, तर तो पाहिजेच. ऑफिसच्या मशीनवर माझ्याकडेही आहे. स्टार्टएक्सची स्वतःची एक खोड आहे. एक्स कुठल्या कारणाने कोसळलं तर पडद्याचं कुलूपही त्याच्याबरोबर जातं आणि मागे तुमच्या नावाने उघडं टर्मिनल राहतं. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी म्हणून 'एक्झेक स्टार्टएक्स' टाकावं, म्हणजे एक्स गेलं की लॉगिनही संपतं. बाबांच्या पीसीवर मात्र मी मुद्दाम नुसतं स्टार्टएक्स ठेवलं आहे, कारण एक्झेक केलं की एररही पुसला जातो.

शिवाय एक्सचेच दिवस भरत आलेत. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं एक्सवरचं सेशन काढून टाकलं गेलं, तिथे वेलँडच. वेलँडमध्ये स्टार्टएक्स नाही, पण मागचं दार आहे. काळ्या पडद्यावर थेट डेस्कटॉपचं नाव टाकता येतं. एक्सएफसीईनेही डिसेंबर २०२४ च्या ४.२० आवृत्तीत वेलँडची सोय प्रायोगिक म्हणून दिली आहे. बाबांच्या पीसीवर सध्या डेबियन १२ आहे, कारण मिंट १९ चे अपडेट एप्रिल २०२३ मध्ये थांबले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटचा इन्स्टॉलर दिलाच नाही, त्यामुळे या पेन्टियमचाही शेवट दिसतो आहे. पुढच्या मशीनवर पण काळा पडदा पाहिजे, असं बाबांनी बजावून ठेवलंय.

तक्ता आता बराच पुढे गेला आहे. मध्ये काही ओळी रिकाम्या आहेत. गट नंबर आहे, नावाचा रकाना कोरा. पैनगंगेकडची ती वावरं. मी एकदा म्हटलं की त्या ओळी खाली नेऊन ठेवू, तक्ता सुटसुटीत दिसेल. बाबा म्हणाले, राहू दे, कोणाले तरी आठवन.

चहा निवला. सोमवारी त्या पोराला काय सांगावं याचा विचार करतोय. बहुतेक हेच सगळं सांगेन, ५:४२ सकट. उद्या रविवार, बाबांना फोन. 'कॉम्प्युटर बरा आहे ना' असं मी आता विचारत नाही. 'कितव्या ओळीवर आहात' असं विचारतो.